सांगलीच्या घराचा ओटा चैत्रासाठी लावला त्याची सगळी हकीकत (रांगोळी टिकत नव्हती, तिथून सुरुवात)

आमचं सांगलीचं घर गावभागात आहे, जुनं दुमजली, तोंड पश्चिमेला. दाराबाहेर ओटा, ११ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद, दोन्ही टोकांना दीड फूट उंचीचे कट्टे, मधे ३ पायऱ्या आणि खाली लगेच रस्ता. घरात आई एकटी असते, वय ७१, मी पुण्यात आणि दादा-वहिनी मिरजेत. हे सगळं लिहून काढायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या चैत्रात आम्ही तो ओटा परत नीट लावला, आणि त्यात आधी जे जे केलं ते जवळपास सगळं फसलं, मग एका साध्या गोष्टीवरून मार्ग निघाला. ज्यांच्या घराला असा ओटा किंवा पडवी आहे त्यांना याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडं मागचं सांगते. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेला जो पूर आला त्यात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्यावरून अंदाज येईल. आमच्या खालच्या मजल्यात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर जो गाळ राहिला त्यानं ओट्याची जुनी शहाबादी फरशी खचली, दोन-तीन ठिकाणी पोकळ वाजायला लागली. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. त्यानंतर दादानं ओटा फोडून नवीन व्हिट्रिफाइड टाइल्स बसवून घेतल्या, फिकट क्रीम रंगाच्या, चकचकीत, पुसायला सोप्या. त्याचा हेतू चांगलाच होता, आईला गाळ काढायचा त्रास होऊ नये एवढंच. कट्ट्यांना मात्र गवंड्यानं हात लावला नाही, त्यांच्यावर वरून खालपर्यंत तपकिरी ऑइलपेंट मारून टाकला.

आणि त्या टाइल्स बसल्यापासून आईनं चैत्रांगण काढणं बंद केलं. 

हे मला तीन वर्षं कळलंच नव्हतं. मला वाटायचं गुडघ्यांमुळं बंद केलं असेल. चैत्रांगण ज्यांच्याकडं काढत नाहीत त्यांच्यासाठी, चैत्रात गौर झोपाळ्यात बसते, चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर, आणि ती माहेरी आलेली असते म्हणून दारात तिच्यासाठी रांगोळी काढतात. मधे देव्हाऱ्यात नाहीतर पाळण्यात गौर, दोन बाजूंना पंखा घेतलेल्या सख्या, आणि मग सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, लक्ष्मीची पावलं, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती, कासव, नाग, मोर, गुढी, तोरण, आंबा, नारळ, फणी-करंडा, हळदीकुंकवाचे करंडे, मंगळसूत्र, खण... ५१ चिन्हं असतात असं सांगतात, आमच्या आईची चाळीसेक होतात आणि ती कधी कागद बघून काढत नाही. आम्हा पोरींना लहानपणी गोपद्मं आणि पावलं तेवढी काढायला मिळायची, हत्तीला हात लावायची परवानगी नव्हती.

तर ८ मार्चच्या शनिवारी मी सांगलीला गेले आणि ठरवून गेले की यंदा ओटा सजवायचा. पाडवा ३० मार्चला होता, तीन आठवडे हातात. मी मोबाइलवर भरपूर फोटो बघितले होते, पांढरा व्हरांडा, दाराशी फुलांचं कडं, दोन्हीकडं भरगच्च फुललेल्या कुंड्या, छोटे दिवे. त्या फोटोंकडं बघून मी जे सामान घेतलं ते असं: पेटुनियाची १२ रोपं काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांसकट, दिव्यांची एक माळ, दाराला लावायला कापडी फुलांचं तोरण आणि जमिनीवर चिकटवायची रांगोळीची स्टिकरं. सगळं मिळून २,७०० रुपये गेले. 

पहिल्या दिवशी ओटा खरंच छान दिसला. आईनं बघितलं, बरं दिसतंय म्हणाली आणि आत गेली. मी तेव्हा तिच्या आवाजाकडं लक्ष द्यायला हवं होतं.

२२ तारखेला परत गेले तोवर पेटुनिया १२ पैकी ९ गेले होते. उरलेल्या तिघांची फुलं कागदासारखी वाळलेली. आई रोज पाणी घालत होती, त्यात तिची काही चूक नाही. पेटुनिया आपल्याकडं हिवाळ्यातलं रोप आहे, डिसेंबर-जानेवारीत बहरतं आणि मार्चच्या मध्यापासून थकायला लागतं, त्याला आणून आपण पश्चिमेच्या भिंतीपाशी, तापलेल्या टाइलवर, काळ्या प्लास्टिकमधे ठेवलं. काळं प्लास्टिक उन्हात एवढं तापतं की मुळंच भाजतात. ज्या देशांतले ते फोटो होते तिथं वसंत म्हणजे बर्फ वितळल्यावरचं कोवळं ऊन, आपल्याकडं वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, सांगलीत ३८-३९ डिग्री, दुपारी रस्त्यावर कुत्रंपण दिसत नाही. आपल्या वसंतात फुलतं ते मोगरा, चाफा, बोगनवेल, कडुनिंबाचा मोहर, आणि एप्रिल सरताना बहावा. ही झाडं ऊन सोसून फुलणारी आहेत, मी ते विसरून सामान आणलं होतं.

स्टिकरांचे कोपरे उन्हानं उचकटले होते. मी म्हटलं आई जाऊदे, आपण साधी रांगोळीच काढू या ना, तू का काढत नाहीस. तेव्हा ती म्हणाली, "अगं या फरशीवर रांगोळी बसत नाही गं. पहिल्या वर्षी काढली होती मी, गेरूनं सारवलं तर गेरूच पापुद्र्यासारखा निघाला. आणि वाऱ्यानं सगळं सरकतं, हत्तीची सोंड पायरीवर जाऊन पडली होती."

मग आम्ही तिथंच करून बघितलं. टाइलवर ओला गेरू लावला, वाळल्यावर बोटानं खरवडला, सालासारखा सुटून आला. कारण सरळ आहे, व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आतच, मग गेरूला धरायला काही मिळत नाही. वर चिमटीतून रांगोळी सोडली तर रेघ पडते पण ती नुसती ठेवलेली असते, खाली रुतत नाही, पंख्याचा वारा आला तरी हलते. शेणानं सारवलेल्या अंगणात किंवा जुन्या शहाबादीवर हाच शिरगोळा (पांढऱ्या दगडाची रांगोळी) महिनाभर दिसायचा, कारण त्या जमिनीला बारीक खडबड असते आणि ती थोडी पितेपण. तीन वर्षं आईला रांगोळी काढायची होती आणि तिच्या दारात रांगोळी धरणारी एक हातभर जागा नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं.

मग जमीन शोधली, आणि ऊन मोजलं

त्या रविवारी, २३ तारखेला, मी काहीही विकत न आणता दिवसभर ओट्यावर बसले आणि दर तासाला ऊन कुठवर आलं ते खडूनं मारून ठेवलं. याची मी सगळ्यांना शिफारस करीन, खर्च शून्य आणि कळतं खूप. साडेबारापर्यंत ओटा सावलीत. एकच्या पुढं ऊन आत शिरतं, तीनला दारापर्यंत, पाच वाजता थेट उंबऱ्यावर. मार्चच्या शेवटी सूर्य जवळजवळ सरळ पश्चिमेला मावळतो त्यामुळं आमच्यासारख्या पश्चिमेच्या दारात तो सरळ घरात बघत असतो. पण उजव्या कट्ट्यावर, रस्त्यावरून बघताना उजवा म्हणजे दक्षिणेचा, साडेचारपर्यंत ऊन येत नव्हतं, कारण शेजाऱ्यांचं घर त्या बाजूला दहाएक फूट पुढं आलेलं आहे, त्याची सावली कट्ट्यावर बरोबर पडते. वाराही तिथं कमी.

त्या कट्ट्यावर तेव्हा काय होतं तर चपलांचा रॅक, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, रद्दी आणि एक फुटका माठ. ते सगळं उचललं तेव्हा एका कोपऱ्यात ऑइलपेंटचा टवका उडालेला दिसला आणि खाली राखाडी-निळसर दगड. शहाबादी! ओट्याची गेली पण कट्ट्याची राहिली होती, पुराच्या आधीची, आजोबांच्या वेळची. आईनं तिथं हात फिरवला आणि म्हणाली, ही धरेल रांगोळी.

पेंट काढायचं काम पुढचे तीन दिवस वहिनीनं आणि एका रंगाऱ्यानं केलं. रंगारी आधी म्हणाला अ‍ॅसिड टाकतो ताई, पटकन निघेल. वहिनीनं फोन केला म्हणून बरं झालं, मी नको म्हटलं. शहाबादी म्हणजे चुनखडकच, त्यावर अ‍ॅसिड पडलं की फसफसतं आणि दगडच खाल्ला जातो, वर पांढरे खड्डे राहतात ते जन्मात जात नाहीत. पेंट रिमूव्हर लावून, अर्धा तास ठेवून, पत्र्यानं खरवडून, मग वाळूच्या कागदानं घासून, असं हळूहळू काढलं. मजुरी आणि रिमूव्हर मिळून ११०० रुपये. साडेचार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी जागा मिळाली. आणि मुख्य म्हणजे ती दीड फूट उंचावर आहे, आई समोर लाकडी स्टुलावर बसून काढू शकते, गुडघे मोडून जमिनीवर बसायची गरज नाही.

यावर आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या की कट्ट्यावर कधी चैत्रांगण असतं का, ते दारातच हवं, गौर दारातून येते. मला त्यांचं म्हणणं चूक वाटत नव्हतं. मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "काकू, दारात मी चार रेघांचं स्वस्तिक आणि गौरीची पावलं रोज काढीन, रोज पुसली तरी चालतील. बाकीचा संसार कट्ट्यावर मांडते." हे तिनं तिथल्या तिथं ठरवलं आणि मला ते फार आवडलं. टाइलवर न टिकणारी गोष्ट रोज नवीन काढायची, आणि टिकवायची ती टिकेल तिथं.

२९ ला संध्याकाळी गेरू लावला. गेरू पाण्यात रात्रभर भिजवलेला, त्यात चमचाभर फेविकॉल, म्हणजे हाताला लागत नाही. दोन हात दिले, पहिला वाळल्यावर दुसरा. आजीच्या वेळी फेविकॉल नव्हता हे खरं, पण आम्हाला गेरू महिनाभर न उडता हवा होता. रांगोळी शिरगोळ्याची, जरा जाडसर बघून आणली, फार पिठाळ असली की चिमटीतून सरळ धार पडत नाही, गठ्ठे पडतात. आईनं ती जुन्या पिठाच्या चाळणीनं चाळून घेतली.

पाडव्याला रविवार होता, सगळे घरी. गुढीची काठी पूर्वी वरच्या खिडकीला बांधायचे, यंदा डाव्या कट्ट्याच्या खांबाला बांधली, काठी धुऊन, आईची हिरवी रेशमी साडी, कडुनिंबाची डहाळी, आंब्याची पानं, गाठी, झेंडूची माळ, वर तांब्या. दुपारी चारला त्या बाजूला झळझळीत ऊन आणि वारा, गाठी वितळते की काय वाटत होतं पण टिकली, साडी मात्र दोनदा सुटली. पुढच्या वर्षी साडीला वर सुतळीनं आडवी गाठ मारून मगच तांब्या बसवायचा हे दादानं ठरवलंय. सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवली.

कापडी तोरण मी काढून टाकलं. आईनं आंब्याची ११ पानं घेतली, प्रत्येक पान दुमडून हिराच्या काडीनं टोचलं आणि सुतळीत ओवलं, मधे मधे झेंडू. झेंडू त्या उन्हात दुसऱ्याच दिवशी माना टाकतो, तो बदलत राहावा लागतो, पण आंब्याचं पान जाड असतं, वाळलं तरी आकार सोडत नाही. त्यामुळं पानं तीच ठेवायची आणि फुलं तेवढी दर तीन-चार दिवसांनी बदलायची असं केलं.

२०२५ ला तृतीया लगेच ३१ तारखेला सोमवारीच आली, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. मी सुट्टी टाकली होती. आई सकाळी साडेसातला स्टुलावर बसली आणि साडेदहाला उठली. मधे एकदा चहा. आधी मधला देव्हारा, मग सख्या, मग वरच्या कोपऱ्यांत सूर्य-चंद्र, आणि मग जशी जागा मिळेल तशी चिन्हं. दोन फूट रुंदीत सगळं बसवायचं म्हणून प्रत्येक चिन्ह तिनं पूर्वीपेक्षा लहान काढलं. हात सुरुवातीला थरथरत होता, पहिलं कमळ पुसून परत काढलं, तिसऱ्या-चौथ्या चिन्हानंतर हात बसला. भाचीला तिनं गोपद्मं दिली काढायला. हत्ती स्वतःच काढला. शेवटी हळदीकुंकू वाहिलं, हळद अर्थात आमच्या सांगलीचीच. मी शेजारी उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायचं काही कारण नाही.

झाडं, सावली, पाणी

झाडांचं दुसऱ्या वेळी डोकं वापरून केलं. डाव्या बाजूला, जिथं दुपारभर ऊन, तिथं मोगरा दोन, सदाफुली तीन आणि ऑफिस टाइमच्या दोन पसरट कुंड्या (काही जण त्याला चिनी गुलाब म्हणतात, उन्हातच उमलणारं फूल आहे ते). सगळं मातीच्या कुंड्यांत, आणि मोगऱ्याच्या कुंड्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरली, ती वाळू ओली ठेवायची, माठाखाली ठेवतो तसंच तत्त्व. पाणी सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर. झाडं आणि कुंड्या मिळून १,४०० रुपये, आणि एप्रिलअखेर एकही रोप गेलं नाही. मोगऱ्याला पहिल्या आठवड्यात कळ्या धरल्या.

ओट्याच्या तोंडाला वाळ्याची ताटी टांगली, ७ फूट रुंद, गुंडाळून वर बांधता येईल अशी. दुपारी एकला सोडायची, पाणी मारायचं, पाचला वर घ्यायची. वास काय येतो म्हणून सांगू, आख्खी गल्ली विचारत होती. पण यात एक चूक झाली, ताटीचं पाणी ठिबकून त्या गुळगुळीत टाइलवर थारोळं झालं आणि हळदीकुंकवाच्या दिवशी एक मावशी घसरल्या. वेळीच चौकट धरली म्हणून पडल्या नाहीत, पण माझ्या काळजाचा ठोका चुकला होता. लगेच ताटीखाली गोणपाट अंथरलं आणि त्या दिवसापुरती ताटी कोरडीच ठेवली. ज्यांच्याकडं अशा टाइल्स आहेत त्यांनी ओट्यावर पाण्याचं काहीही करण्याआधी पाय कुठं पडतात ते बघावं, म्हाताऱ्या माणसांच्या घरात तर नक्कीच.

हळदीकुंकू ११ एप्रिलला शुक्रवारी केलं, २८ बायका आल्या. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगड, भिजवलेले हरभरे ओटीला. गौर आत झोपाळ्यात होती पण येणारी प्रत्येक बाई आधी कट्ट्यापाशी थांबत होती. कुणी चिन्हं मोजत होतं, कुणी आपल्या माहेरी कासव कुठं काढायचे ते सांगत होतं. सगळ्यात जास्त वेळ त्या शेजारच्या काकूच थांबल्या, फणी-करंड्याच्या शेजारी थोडी जागा शिल्लक होती, तिथं त्यांनी आईला विचारून एक छोटा आरसा काढला.

संध्याकाळचा उजेड म्हणून दिव्यांची माळ मी काढून ठेवली होती, तिचा पांढरा प्रकाश डोळ्यावर येत होता आणि त्यावर किडे फार जमत होते. कोनाड्यात एक पिवळा ९ वॅटचा बल्ब आणि उंबऱ्याशी पणती, एवढ्यावर भागलं.

वळीव मात्र आडवा आला. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी अर्धा तास वाऱ्यासकट पाऊस झाला, ताटी वर बांधलेली होती, ती सोडेपर्यंत कट्ट्याच्या रस्त्याकडच्या टोकाची आठ-नऊ चिन्हं भिजली. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं आता ती खट्टू झाली असेल. पण ती म्हणाली गेरू जसाच्या तसा आहे, फक्त रांगोळी वाहिली, उद्या सकाळी परत काढते. पुढच्या वेळी तिनं त्या टोकाची चिन्हं ओल्या रांगोळीनं काढली, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, कापसाच्या वातीनं. ती वाळली की दगडाला धरून बसते. एकच अडचण, मुंग्या येतात, म्हणून कट्ट्याच्या कडेनं हळदीची रेघ ओढली, तिचा उपयोग थोडाफार झाला.

एप्रिलच्या शेवटी ऊन उत्तरेकडं सरकलं आणि उजव्या कट्ट्यावर साडेतीनपासूनच यायला लागलं, शेजारच्या घराची सावली पुरेना. रांगोळीला उन्हानं काही होत नाही, पण आई सकाळी तिथं बसून पेपर वाचायची, ती दुपारी पण बसायला लागली होती, ते बंद झालं. तिथं वरून एक छोटी शेडनेट बांधायची की ताटी एक फूट वाढवायची हे अजून ठरलेलं नाही.

फुटक्या माठाच्या जागी नवीन माठ आणला, तो डाव्या कट्ट्यावर ओल्या वाळूत ठेवला, वर पितळी झाकण आणि ओगराळं. कुरियरवाला, भाजीवाली, शाळेची पोरं, सगळे पाणी पिऊन जातात. आई दिवसातून दोनदा भरते. अक्षय्य तृतीयेला उदककुंभ दान देतात, आई म्हणाली आपलं दान महिनाभर चालूच आहे.

एकूण खर्च सांगायचा तर पहिले २,७०० वाया गेले असंच धरते, माळ तेवढी दिवाळीला वापरली. नंतरचं सगळं, पेंट काढणं, झाडं, ताटी, माठ, गेरू-रांगोळी, मिळून ५,२०० च्या आसपास. त्यात ताटी सगळ्यात महाग, पण ती सावलीत वाळवून, गुंडाळून ठेवली तर दोन-तीन उन्हाळे जाईल.

३० एप्रिलला अक्षय्य तृतीया झाली, गौरीची बोळवण केली आणि दुसऱ्या दिवशी आईनं ओल्या फडक्यानं कट्टा पुसला. रांगोळी गेली, गेरूचा लालसरपणा दगडात राहिला. दादानं विचारलं त्यावर परत पेंट मारू का, तर आई म्हणाली मुळीच नको, आणि डावा कट्टापण खरवडून घे. ते काम पावसाळा संपल्यावर काढायचंय, खाली तीच शहाबादी निघते का ते बघायचं.